महिन्याचा प्लॅन

ज्या सॉफ्टवेअरवर मी कोड लिहितो, त्याने आज पडद्यावर सुचवलं, वर्षाचे पैसे एकदम भरा, स्वस्त पडेल. क्लिक करणार तोच मला अण्णांची आठवण झाली. माझं बँक खातं शाळेत असताना उघडलेलं, त्याला अण्णांचाच, म्हणजे वडिलांचाच, मोबाइल नंबर जोडलेला. दर महिन्याला या सॉफ्टवेअरचे पैसे कापले की मेसेज गावी जातो आणि अण्णांचा फोन येतो.

"तुझ्या कंप्युटरवाल्यांनी पैसे नेले बघ. तूच न्यायला सांगितलं होतंस ना? बरं, फोन लागलाच आहे तर सांगतो, आपली शेळी व्याली."

एरवी पोरगा कामात असेल म्हणून ते फोन करत नाहीत. त्यांनी शिकवलं आणि शिकून मी इतका लांब आलो, की माझ्याशी बोलायला त्यांना बँकेच्या मेसेजचं निमित्त लागतं.

मी महिन्याचाच प्लॅन राहू दिला.