सांगून जाणं

शेजारच्या तेलुगू मावशी माझ्या दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळतात आणि मी टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला जाते. सुरुवातीला मुलगी इतकी रडायची की काम सोडावं लागेल असं वाटायचं. म्हणून मी तिची नजर चुकवून निघायचे.

मावशींना ते आवडलं नाही. "चोरावानी जाऊ नको. तोंड दाव, सांग, मग जा की."

त्यांचा खेळ एकच. मागावरची, सूत गुंडाळायची रिकामी कांडी पदराखाली लपवायची. "कुटं गेली? कुटं गेली?" मुलगी ओठ काढते, तोच कांडी बाहेर येते. "आली की." अकराला वरणभात, मग मांडीवर झोप. रोज अगदी असंच.

एका रविवारी त्या माझ्याकडे बसून बाजाराला निघाल्या, बोळाच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मुलगी झोपली होती. तिच्या कानाशी वाकून त्या "वस्ता" म्हणाल्या. वस्ता म्हणजे येते.

"झोपलीय की ती," मी म्हणाले.

"उटल्यावर मला हुडकंल की."

झोपेत लेकराला काय ऐकू येतं, ते मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी मी मावशींच्या उंबऱ्यात थांबले. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही, तरी "येते गं" म्हणाले. मुलगी रडायला लागली. मी पायरी उतरले. मागून मावशींचा आवाज आला, "कुटं गेली? कुटं गेली?" बोळाच्या टोकाशी पोचेपर्यंत रडणं थांबलं होतं.

संध्याकाळी मी दारात दिसले, तेव्हा मावशी मुलीला म्हणाल्या, "आली की."