लॉक उघडून द्या, ताई

सिडकोत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक काउंटर, मागे एक पडदा आणि पडद्यामागे चहाची शेगडी. बाहेरच्या पाटीवर लिहिलंय, ‘लॉक, पासवर्ड, सिक्युरिटी सेटिंग करून मिळेल.’ बाई दुकानात बसते म्हणून बायका जास्त येतात. पुरुषही येतात, पण आधी विचारतात, दुरुस्ती कोण करतं? मीच करते म्हटल्यावर निम्मे परत जातात.

स्क्रीन फुटलेलं गिऱ्हाईक काम झालं की विसरून जाते मी. लॉकवाला माणूस मात्र डोक्यात राहतो. कारण फोन कोणापासून बंद ठेवायचा, हे त्याला मला सांगावंच लागतं. मी विचारत नाही, पण सेटिंग करता करता ते बाहेर येतंच. अशी माणसं साचत साचत आता इतकी झालीत की कधीतरी कोणाला तरी सांगितल्याशिवाय हलकं वाटत नाही.

दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले आले होते. पन्नाशीचे, टोपीवाले. त्यांचा फोन चेहरा बघून उघडायचा. धाकट्या सख्ख्या भावाशी वाटणीवरून कोर्टात केस चालू, चार वर्षं बोलणं बंद. तारखेच्या दिवशी बाकड्यावर राहिलेला यांचा फोन धाकट्याने आपला समजून उचलला, तर तो त्याच्या तोंडासमोर उघडला. आत वकिलाने पाठवलेले सगळे कागद. यांना असा फेस लॉक हवा होता, जो भावाला उघडणार नाही.

मी समजावलं की अशा फोनला नाकाडोळ्यांची ठेवण तेवढी कळते, सख्ख्या भावांत चुकू शकतो. पिन टाकून देते. ते बराच वेळ हातातल्या बंद स्क्रीनमध्ये स्वतःचं तोंड बघत राहिले.

“साऱ्या गावाला सांगून बसलो, तो माझा भाऊ नाय,” ते म्हणाले. “आता ह्याला कोण सांगणार?”

इंदिरानगरचे एक रिटायर्ड सर. जॉगिंग ट्रॅकवर चक्कर येऊन पडले. लोक धावले, पण फोनला लॉक, त्यामुळे घरी कोणाला कळवता येईना. म्हणून सर लॉक काढायला आले. मी म्हटलं, लॉक राहू दे, इमर्जन्सी नंबर टाकू. फोनला लॉक असलं तरी कोणालाही तो लावता येतो. सरांना कल्पना आवडली. कोणाचा टाकू, विचारलं.

मुलगा कॅनडात. आपला दिवस ती त्याची रात्र, झोपमोड होईल म्हणाले. मुलगी पुण्यात, पण ती मीटिंगमध्ये असते. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी तिचा नंबर आधी आला, तो त्यांनी गुपचूप खाली सरकवला. मग यादी वर-खाली करत राहिले. मागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती.

शेवटी म्हणाले, “दूधवाल्याचा टाका. उद्या सकाळी तो तरी नक्की येतो.”

पेठकडची एक बाई द्राक्षाच्या बागेत कामाला आलेली. बरोबर सहा-सात वर्षांची पोर. तिचा फोन रेघ ओढून उघडायचा, आणि तिने ओढलेली रेघ झोपडीतल्या सगळ्यांनी पाहिलेली. कोणीही उचलून वापरायचं. तिला बोटाचा लॉक हवा होता. उजव्या हाताची पाचही बोटं लावून झाली. मग डावी. घासून पुसून पुन्हा लावली. मशीन एकही घेईना. बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या, नुसती गुळगुळीत, चिरलेली कातडी.

बाई वैतागली नाही. तिने पोरीला उचलून काउंटरवर बसवलं आणि तिचं बोट पुढे केलं. पहिल्याच झटक्यात घेतलं. पोर खूष होऊन पुन्हा पुन्हा उघडून दाखवायला लागली.

मी म्हटलं, “दर वेळी हिला शोधत बसाल?”

“बसंन,” ती म्हणाली. “ती कामाला लागंपर्यंत तं चालंल ना?”

एक गोष्ट माझ्या नावावर आहे. ती सांगायची नव्हती, पण बाकीच्या सांगितल्या तर हीही सांगायला हवी.

एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, फोनचा बॉक्स आणि बिल. पासवर्ड विसरलो म्हणाले. बिलावर त्यांचंच नाव. जुनं मॉडेल होतं, आतलं काही न पुसता उघडता येत होतं. मी उघडून दिलं. उघडल्यावर वॉलपेपरला दोन वेण्यांतल्या मुलीचा फोटो दिसला. मला वाटलं, हौशी बाप आहे. त्यांनी ‘थँक यू, मॅडम’ म्हटलं आणि गेले.

महिन्याभराने ती मुलगी आली. आईच्या फोनला काच बसवायची होती. काच बसवून झाली. मग तिने विचारलं, “पप्पांना तुम्हीच उघडून दिला ना?”

मी म्हटलं, बिल त्यांच्या नावाचं होतं.

“हो. मेसेज माझे होते.”

तिचं कॉलेज बंद झालं होतं. निफाडकडचं स्थळ ठरलं होतं. हे तिने नाही, बाहेर थांबलेल्या तिच्या आईने मला सांगितलं, आनंदाची बातमी म्हणून. त्या दिवसापासून मी बिल बघत नाही. फोन कोणाचा, ते विचारते, आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघते.

आता शेवटची. ही गेल्या उन्हाळ्यातली.

सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आली. तिशीची, नीटनेटकी. बरोबर मुलगी. एवढ्या उन्हात मुलीच्या अंगावर एकावर एक दोन फ्रॉक होते. बाई म्हणाली, बॅटरी लवकर उतरते. मी सेटिंग उघडलं. लोकेशन चोवीस तास चालू आणि एकाच नंबराला शेअर केलेलं, कायमचं. नाव ‘अहो’. मेसेजही दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर उघडे होते.

मी आवाज खाली करून तिला सांगितलं. ती म्हणाली, माहिती आहे. बंद करून देऊ का, विचारलं.

“नको. बंद झालं की पाच मिनिटांत फोन येतो.”

मग तिने विचारलं, यात नक्की काय दिसतं? मी म्हटलं, फोन कुठे आहे ते दिसतं.

“फोन कुठे आहे ते,” ती म्हणाली. “मी कुठे आहे ते नाही.”

“नाही.”

तिने फोन सायलेंट केला आणि माझ्यापुढे ठेवला. आज बॅटरी बदलू नका, नुसता चार्जिंगला लावून ठेवा, बंद मात्र करू नका, संध्याकाळी नेते, असं म्हणाली. मी पावती करायला लागले, तर पावती नको म्हणाली. मुलीचा हात धरून रस्ता ओलांडला आणि रिक्षात बसली. मी पावतीबुक मिटलं. मग फोन चार्जिंगला लावला.

दुपारी दोनपासून स्क्रीन उजळायला लागली. अहो. अहो. अहो. मी मोजायचं सोडून दिलं. उचलला नाही.

पाच वाजता तो आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, बोलणं अगदी सभ्य. मिसेस आल्यात का, विचारलं. मी म्हटलं, फोन आहे, चार्जिंगला लावलाय. त्याने फोन पाहिला, पण हात लावला नाही. माझ्या मागच्या पडद्याकडे बघितलं. मग न विचारता आत आला आणि पडदा सरकवला. शेगडी, दोन कप, पाण्याचा माठ.

परत येऊन त्याने स्वतःचा मोबाईल माझ्यासमोर धरला. नकाशा होता. आमचा रस्ता, आमची लाइन, माझं दुकान, आणि बरोबर दुकानावर तिचा हसरा फोटो असलेला छोटा गोल.

“खोटं बोलू नका, मॅडम,” तो म्हणाला. “सकाळपासून ती इथून हललेली नाही.”