डाव्या खांद्यावरची दोन बोटं

सुरुवातीलाच सांगून टाकतो, भुताखेतांच्या या ग्रुपवर मी आलो ते भांडायला. जुन्या मेंबरांना आठवत असेल – कुणी पांढऱ्या साडीतली बाई लिहिली की खाली पहिली कॉमेंट माझी असायची. धुकं असेल, झोप झाली नसेल, चष्म्याचा नंबर तपासून घ्या, असलं काहीतरी. माझं कामच तसं आहे. पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत मी जागचा उठत नाही. बायको म्हणते हा गुण नाही, खोड आहे. तर तोच मी आज लिहितोय. ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या.

आमचं घर सोलापुरात, पूर्व भागात. आम्ही तेलुगू विणकर. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो आणि आईला अम्मा. घरातलं बोलणं इथं मराठीतच लिहितो. घरामागे आमचं छोटं शेड होतं, चादरीचे चार माग. अम्मा दारापाशी बसून कांड्या भरायची, म्हणजे आडव्या धाग्याच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. नायना माग चालवायचे, पण त्यांचा खरा जीव होता डिझाईनमध्ये. चौकड्यांचा कागद घेऊन एकेक घर रंगवत बसायचे... मोर, वेली, जाळी, कमळं. शाळा सुटली की मला चौथ्या मागावर उभं करायचे. तो दाराजवळ होता, तिथं वारा लागायचा. बाकीच्यांनी आत घाम गाळायचा आणि धाकटे साहेब दारात, असं अम्मा चिडवायची.

आता एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मागांच्या आवाजात शेडमध्ये माणसाला माणूस ऐकू येत नाही. हाक मारून उपयोग नसतो. म्हणून आमच्याकडे सगळं हातानं चालायचं. मागून कुणी डाव्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा थोपटलं, तर त्याचा अर्थ एकच – धागा तुटलाय, माग थांबव. त्यावर मागं वळून बघायचं नाही. बघण्यात वेळ गेला तर तेवढी चादर खराब होते. आधी उजवा हात दांड्यावर, माग बंद, मग तुटलेला धागा शोधायचा. लहानपणी मी वळून बघायचो आणि नायनांची बोलणी खायचो. पुढे सवय इतकी अंगात मुरली की हात आपोआप जायचा, डोकं मागाहून पोचायचं.

नंतर मी शिकलो, पुण्याला गेलो. नायनांचे गुडघे गेले, माग इरण्णानं नेले. इरण्णा माझा लहानपणचा मित्र, पलीकडच्या गल्लीत त्याचं मोठं शेड आहे. नायना रिकामे झाले, आणि तेवढ्यात डिझाईनच्या कागदांना वाळवी लागलेली त्यांना दिसली. मग मी त्यांना स्कॅनर आणून दिला आणि सगळं ठेवायला एक घरगुती सर्व्हर. म्हणजे तसा साधा कॉम्प्युटरचा डबा, आत चार सारख्या डिस्क. तिघींवर माल आणि उरलेली एक राखणीला – तिघींपैकी एखादी मेली तर राखणीवालीच्या मदतीनं तिच्यावरचा माल परत उभा करता येतो. आणि कुठली डिस्क कोण, ही सगळी मांडणी एका छोट्या पेनड्राइव्हवर. मशीन त्याच्यावरूनच सुरू व्हायचं.

डबा नायनांनी स्वतः जुळवला. मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. मला डबा कमी आणि त्यांचं कपाळच जास्त दिसत होतं. मी सांगितलं, "राखणीची एक नंबरला लावा." ते म्हणाले, "लावली." त्यांनी कागदाचे नंबर कापून गोंदानं डिस्कांवर चिकटवले सुद्धा. पुढे माउसनं रंग भरायला शिकले. अम्माला म्हणायचे, तुझ्यासाठी एक चादर काढतोय, झाल्याशिवाय दाखवणार नाही. ते डिझाईन कागदावर कधीच नव्हतं. त्या डब्यातच होतं फक्त.

गेल्या वर्षी नायना गेले. झोपेतच गेले.

डबा त्यानंतर तसाच चालू होता. त्याचा पंखा घरघरतो, तो अम्मानं बंद करू दिला नाही. घरात तेवढाच आवाज आहे म्हणाली. मग या उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन आणि विजेचं येणंजाणं – पेनड्राइव्ह मेला. पंखा फिरतोय पण मशीन उठत नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. अम्मानं फोनवर एवढंच विचारलं, "सिनू, माझी चादर गेली का रे?"

दुसरी प्रत? नव्हती. सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या घरात बॅकअप नाही. करू, करू म्हणत राहून गेलं. मी रजा टाकली आणि सोलापूर गाठलं. पोचल्या पोचल्या अम्माला सांगितलं, तुझी चादर त्या डब्यात आहे आणि मी ती काढल्याशिवाय पुण्याला परत जाणार नाही. ती म्हणाली, नाही निघाली तर नाही, तू जेवून घे आधी. मला तिचं ते समजूत घालणं अजिबात सहन झालं नाही. नाही निघाली म्हणजे काय!

आधी जुन्या पेनड्राइव्हमधून मांडणी मिळते का बघितलं. एका लॅपटॉपवर, दुसऱ्या लॅपटॉपवर, इरण्णाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. तो तापायचा आणि गप्प बसायचा. इरण्णा बघत होता. म्हणाला, "अरे किती येळ त्येच काढून त्येच घालतोयस? मेलंय की ते. नवीन घाल, सोड." त्याचं बरोबर होतं. मी नवीन पेनड्राइव्ह तयार केला, डबा उघडला. आत खाली चार कागदाचे कपटे पडले होते. उन्हानं गोंद वाळून नायनांचे नंबर गळून गेले होते.

मला काळजी वाटली नाही. नंबर गेले तरी जागा कुठं जातात? चार डिस्क ओळीत उभ्या होत्या. पहिली डब्याच्या तोंडाशी, बाकीच्या त्यामागे आत-आत. राखणीची एक नंबरला, हे तर मीच सांगितलं होतं.

जाणकार इथं म्हणतील, आधी प्रत्येक डिस्क नुसती वाचून बघायची की. बरोबर आहे. ऑफिसात कुणी तसं केलं नाही तर मी त्याची सालटी काढतो. पण इथं मला खात्री होती आणि घाईही होती.

तर रविवारची दुपार. लख्ख ऊन, दार सताड उघडं. टेबलखुर्ची मी भिंतीलगत सरकवून घेतली होती, कारण तिथंच कूलरचा वारा येत होता. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. खुर्ची आणि भिंत यांच्यात मांजरही मावलं नसतं. समोर उंबऱ्यात अम्मा चटणीसाठी शेंगा फोडत बसलेली, मान खाली. घरात तिसरं कुणी नाही.

नव्या पेनड्राइव्हवरून मशीन उठलं. चारही डिस्क दिसल्या, सगळ्या ठणठणीत. मला इतकं हायसं वाटलं की मी अम्माला म्हणालो, आज संध्याकाळी तुझी चादर बघ. तोंडाजवळची डिस्क मी राखणीच्या जागी बसवली. स्क्रीनवर नेहमीची लाल सूचना आली – सुरू केल्यावर या डिस्कवरचं सगळं पुसून नव्यानं लिहिलं जाईल, मान्य आहे का? राखणीची डिस्क नव्यानं भरावी लागतेच, म्हणून मान्य केलं. बाण 'सुरू' या बटणावर नेला.

आणि डाव्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा थोपटलं.

भास म्हणाल तर भास. पण बोटं मला वेगवेगळी कळली. एक जरा आखूड पडलं... नायनांच्या मधल्या बोटाचं पेर मागात गेलं होतं. माझा हात माउसवरून सुटला आणि उजवीकडे गेला. तिथं माग नव्हता, दांडा नव्हता, डब्याच्या विजेचं बटण होतं. हात पोचायच्या आधी उंबऱ्यातून अम्माचा आवाज आला.

"पोगु तेगिंदा?"

म्हणजे, धागा तुटला का?

मी बटण दाबलं. पंखा थांबला. मग वळून बघितलं. मागे भिंत. भिंतीवर कॅलेंडर, तेही हललेलं नाही.

भूत पाहिल्यावर माणसं ओरडतात, पळतात असं तुम्ही इथं लिहिता. मला राग आला. खरंच सांगतो, राग आला, कारण काम हातातोंडाशी आलं होतं. आणि रागाच्या खालोखाल हे कळत होतं की मी आता घाबरलोय. पण शेडमधली शिस्त मोठी विचित्र असते. माग थांबला की धागा शोधायचा. तो सापडल्याशिवाय दांडा ओढायचा नाही. मी चारही डिस्क बाहेर काढल्या आणि एकेक करून लॅपटॉपला जोडल्या, नुसत्या वाचण्यापुरत्या. ऑफिसात करतो तशा.

तोंडाजवळची डिस्क, जी मी पुसायला निघालो होतो, ती उघडली. त्यात नायनांची चित्रं होती. वर्षांची नावं दिलेले फोल्डर आणि सगळ्यात खाली एक, 'लक्ष्मी'. हे अम्माचं नाव.

अगदी आतली, शेवटची डिस्क वाचताच येईना. ती राखणीची होती.

असं कसं, म्हणून मी चारही डिस्क डब्यात होत्या तशा टेबलावर ओळीनं मांडल्या आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या शेडमध्ये पहिला माग आतल्या भिंतीशी होता. नायनांनी एका मागावर सुरुवात केली, मग जमेल तसे दाराकडे वाढवत नेले. आमच्या घरात एक नंबर म्हणजे आतला. दारातला शेवटचा. मी स्वतः दारात उभा राहायचो आणि माझा माग चौथा होता की! नायनांनी डिस्क मागांसारख्या मोजल्या. मी इतकी वर्षं पुण्यात राहून दारापासून मोजायला लागलो.

त्यामुळे चूक कुठं झाली हे मला कळलं. त्याचं कारण सापडलं, माझं समाधान झालं. थोपटलं कुणी, एवढंच राहिलं.

त्या दिवशी आतली डिस्क राखणीला लावली, मांडणी नीट बसवली आणि सगळं जसंच्या तसं उठलं. अम्माला बोलावून 'लक्ष्मी' उघडलं. मधल्या भागात कडुनिंबाचं झाड, आमच्या शेडच्या दारातलं. आणि चारी बाजूंच्या किनारीला मोर नाहीत, कमळं नाहीत – कांड्या. एकापुढे एक भरलेल्या कांड्या. अम्मा डोळे बारीक करून बघत राहिली. मग म्हणाली, कांड्या उलट्या काढल्यात, आयुष्यभर माझ्यासमोर बसून एवढं दिसलं नाही या माणसाला. आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मीही रडलो. लपवण्यासारखं काही नाही त्यात.

चादर इरण्णानं आमच्याच जुन्या मागावर विणली. वर्षश्राद्धाला ती फोटोपुढे अंथरली, आता अम्माच्या पलंगावर असते. इरण्णाला मी सगळं सांगितलं होतं. वाटलं, टर उडवेल. तो मागावरचा हात न काढता म्हणाला, "त्येंनी न्हाय तर कुणी थोपटायचं? तुला शिकवलंय कुणी?"

आता तुमच्या कॉमेंट मीच लिहून टाकतो. खांद्याची नस उडाली असेल. मनाच्या तळाशी मला चूक कळली असेल आणि तिनं जुनी सवय उकरून काढली असेल. हे मला पटतं, निदान दिवसा पटतं. अम्मा म्हणते की पंख्याचा आवाज थांबला म्हणून तिनं विचारलं, शेडमध्ये आवाज थांबला की तेच विचारायचे. तेही पटलं असतं. पण तिनं विचारलं तेव्हा पंखा चालू होता. माझा हात बटणाकडे निघाला होता, पोचला नव्हता. आणि तिची मान खाली होती. यावर आमचा वाद झाला, अजून होतो. ती तिचं सोडत नाही, मी माझं सोडत नाही.

शेवटी एकदा मी तिला सरळ विचारलं, तुला काय वाटतं, कोण होतं? ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "ते मला काय विचारतोस? तू वळून बघितलंस ना? थोपटल्यावर वळायचं नसतं, किती वेळा सांगितलं होतं त्यांनी."

डिझाईनच्या प्रती मी आता तीन ठिकाणी ठेवल्यात. डबा मात्र सोलापुरातच आहे, घरघरतोय. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि या ग्रुपवर मी ते इतरांकडे मागायचो, याची आता थोडी लाज वाटते. एवढंच ठरवलंय. परत कधी खांद्यावर ती दोन बोटं आली, तर आधी मशीन थांबवीन, धागा शोधीन आणि मागे वळून बघणार नाही.