खाऱ्या पाण्याची बाटली
संत्रं सोललं की मला अमरावतीची ती प्रयोगशाळा आठवते. संत्र्याच्या सालींच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण मी बनवले, पण शोधनिबंधातून माझंच नाव उडवून माझे गाईड पाहुण्यांसमोर प्रयोग करायला उभे राहिले. डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीत मी आदल्या दिवशीच आमच्या दर्यापूरकडच्या विहिरीचं खारं पाणी भरून ठेवलं होतं. तपकिरी व्हायचं द्रावण नासलेल्या दुधासारखं पांढरं झालं. मिठाने चांदी बिघडते, हे स्वतः काम केलेल्या कुणालाही कळलं असतं. सर मात्र घाबरून वऱ्हाडीवर आले, "काहून झालं वं असं?" मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मले काय मालूम सर, प्रयोग तुमचा हाय." आज मी अकोल्यात प्रोफेसर आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या हाताशी ती खाऱ्या पाण्याची बाटली अजूनही भरून ठेवते.