तित्तरकाकांच्या काठ्या

आमच्या ह्यांना वनखात्याच्या कचेरीत सगळे तित्तरकाका म्हणतात. स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते आठवायचं नाही, पण अख्ख्या गवताळ रानात तित्तराची मादी कुठे अंड्यांवर बसलीय, ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. नऊ वर्षं हेच काम. उन्हाळ्यात घरटी शोधायची, मोजायची, रजिस्टरात लिहायची. हे पक्षी सकाळ-संध्याकाळ दाणे टिपायला उघड्यावर येतात, दुपारी झुडपाखाली दडतात. आणि घरटं म्हणजे काय, तर गवताच्या बुडाशी नुसता एक खळगा. पाय पडेपर्यंत दिसत नाही. म्हणून हे प्रत्येक घरट्याशेजारी काठी रोवायचे, वर लाल चिंधी बांधायचे. चिंध्यांपायी माझी एक चांगली चादर गेली, ते जाऊ दे.

तरी तित्तर दर वर्षी कमीच. कारणाच्या रकान्यात हे लिहायचे, ‘कावळे वाढले.’

यंदा ह्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मी सोबत गेले. काठ्यांपासून लांब बसून आम्ही डबा उघडला. एक कावळा आला, काठीवर बसला, मान तिरकी करून खाली बघितलं आणि उतरला. मग पुढच्या काठीवर. हातातला घास टाकून हे लंगडत धावले, तोवर अंड्यांची टरफलं उरली होती.

“अहो, हा तर तुमची काठी बघून येतोय,” मी बोलून गेले. ह्यांचा चेहरा बघवेना. त्याच दुपारी ह्यांनी सगळ्या काठ्या उपटल्या.

रजिस्टरात खरं कारण लिहितो, असं ह्यांनी साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “दोन महिन्यांत निवृत्त होताय. कारण कावळ्यांचंच राहू द्या. कशाला नसती ब्याद ओढवून घेताय?”

मीही तेच म्हटलं. नऊ वर्षं उन्हात रापलेल्या माणसाने जाता जाता स्वतःच्याच तोंडाला काळं का फासावं? रागच आला मला.

“माझ्या जागी नवी मुलगी येतेय,” हे म्हणाले. “ती माझंच रजिस्टर वाचून काम शिकणार. उद्या तीही काठ्या रोवेल.”

दुसऱ्या दिवशी ह्यांच्याबरोबर कचेरीत गेले, कपाटातून नऊच्या नऊ रजिस्टरं काढून दिली. प्रत्येकात ‘कावळे वाढले’च्या खाली ह्यांनी लिहिलं, ‘खरं कारण: मी रोवलेल्या काठ्या.’ आणि नऊ वेळा सही केली.