म्हाताऱ्या वानराचा गूळ

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितो.

अमरावतीजवळ आम्ही गावकऱ्यांनी उभारलेल्या प्राणिसंग्रहालयाची आज बैठक होती. हरणांचं कुंपण वाढलं, नवा पाणवठा झाला, आता जखमी पक्ष्यांसाठी दवाखाना होणार. पुढचा विषय निघाला, वानराच्या पिंजऱ्याला बाहेरून दुसरी जाळी लावण्याचा. मी विरोध केला. दर शनिवारी मारुतीचं दर्शन झालं की त्या पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या वानराला मी हातानं गूळ-फुटाणे देतो. सात वर्षांचा नेम आहे.

जनावरांची देखभाल करणाऱ्या शांताबाई उठल्या.

"भाऊ, त्याले शुगर झाली. तुमच्यासारखे लय भक्त येते शनिवारी. रविवारी तो उठत नाही, मी पाहून राहिली ना!"

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं. तुमी म्हणे, प्रसादानं काही होत नाही."

खरंच म्हटलं होतं. मतदानात मी जाळीच्या बाजूनं हात वर केला.

बैठकीनंतर पिंजऱ्याकडे गेलो. मला पाहताच त्यानं हात बाहेर काढला. बराच वेळ तसाच धरून ठेवला, मग रिकामाच आत घेतला.

देवाला मी समजावीन. त्याला कसं समजावू, कोणी सांगाल का?