नाना, माझं पार्सल तेवढं फोडू नका!

आमच्या डाळ मिलच्या ऑफिसात पार्सलचे एवढे किस्से साठलेत, की नवा माणूस रुजू झाला की त्याला आधी ते ऐकवतात, मग हजेरीचं मशीन दाखवतात. एक सांगायला घ्यावा तर तिघं मधेच ओरडतात, "अरे, ते भज्यांचं सांग ना!" सांगतो बाबा, दम धरा.

आधी घोळ कुठे आहे ते ऐका. जळगावच्या एमआयडीसीत आमची मिल. या धंद्यात दलाल मालाचे नमुने पाठवतात. कुरिअरने, एसटीने, कधी कुणाच्या हाती. पाकीट टेबलावर पडलं की नाना ते चाकूने फाडणार, पितळी थाळीत ओतणार, एक दाणा दाताखाली धरणार आणि निकाल देणार. नाना म्हणजे आमचे नमुना बघणारे, मूळ दोंडाईचाचे, बोलणार ते अहिराणीतच. पाकिटावर नाव कुणाचं, हे बघायची पद्धतच नाही. ऑफिसात आलं ते ऑफिसचं!

आणि आम्ही सगळे आपापल्या छंदाचं सामान मागवणार ऑफिसच्याच पत्त्यावर. करणार काय? दिवसा घराला कुलूप. घरी कोणी असलं तर त्याहून वाईट. "परत काय मागवलं?" हे दारातच ऐकायचं!

*

पहिला बळी मीच. मला कमळं लावायचा नाद. पिंप्राळ्यात गच्चीवर टब मांडलेत. जळगावच्या उन्हात कमळ! बायको म्हणते, "कमळं कशाला, त्या टबात मीच बसते."

कमळाचं बी बघितलंय का? काळपट, गोल, हरभऱ्याएवढं आणि असं टणक, की कानशीने घासल्याशिवाय रुजतच नाही. मी अकाउंट्समध्ये काम करत बसलेलो, तर बाहेरून 'कट्!' असा आवाज. पळत गेलो. नाना गाल धरून बसलेले आणि थाळीत माझं बी!

"हाऊ हरभरा नही, गोटा शे!" नाना कळवळून म्हणाले. "कोना माल शे हाऊ? परत धाडा!"

दाताचा टवका उडाला होता. वर मलाच बजावत होते, असल्या दलालाच्या नादी लागू नको म्हणून.

*

हे बघून बिलिंगच्या रेखाताई घाबरल्या. रेखाताई धुळ्याच्या, कुणाला कधी उलटून न बोलणाऱ्या. त्यांची पार्सलं यायची छोटी, सुती कापडात शिवलेली. कुरिअरवाल्याला त्या गेटवरच गाठायच्या आणि पार्सल थेट पर्समध्ये टाकायच्या.

त्या नानांच्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी चक्क हात जोडले. "नाना, माझं पार्सल तेवढं फोडू नका. काहीही झालं तरी."

"काय शे त्यामा?"

"आहे काहीतरी. लोकांनी बघितलं तर मला इथे तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

झालं! हे अख्ख्या ऑफिसने ऐकलं. तेव्हापासून रेखाताईंच्या पर्सवर आमची नजर.

*

आता ते भज्यांचं.

डिस्पॅचच्या नीलेशने घरी रंगीत मासे पाळलेत. त्याने त्यांचं खाद्य मागवलं. पिवळसर पीठ, किलोची पिशवी. आता बेसनाचा नमुना काही दाताने कळत नाही, त्याची भजी तळून बघावी लागतात. ही आमची जुनी पद्धत. नाना पिशवी घेऊन निघाले कॅंटीनमध्ये! बरं, नाना कसे, तर अंड्याच्या केकलाही शिवणार नाहीत.

नीलेश शोधत शोधत पोचला तेव्हा प्लेट अर्धी रिकामी झाली होती.

"वास जरा येगळा शे," नाना तोंड पुसत म्हणाले, "पन भजं फुलस मस्त!"

पिशवीवर हा एवढा मोठा मासा छापलेला. नानांना वाटलं, बेसनाचा मासा छाप! नीलेशने तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "नाना, हा माल आता बंद झाला."

त्या पिठात सुकटीची भुकटी होती, हे नानांना आजही माहीत नाही. तुम्हीही बोलू नका कुठे.

*

शेवटी शेठनी फर्मान काढलं. आपलं सामान असेल तर पार्सलवर 'खासगी' असं लिहून मागवा, ते कोणी फोडायचं नाही!

झालं उलटंच. आधी फक्त नाना बघायचे. आता 'खासगी' दिसलं की सगळं ऑफिस गोळा. कोणी हलवून बघतंय, कोणी वास घेतंय, कोणी ट्यूबलाइटला धरतंय. धुळ्याच्या एका दलालाने तर तुरीच्या नमुन्यावरच 'खासगी' लिहायला सुरुवात केली. म्हणे, "त्याशिवाय तुमच्याकडे माझ्या मालाकडे कोणी बघतच नाही हो!"

आणि खुद्द शेठ? त्यांनी रिमोटचं हेलिकॉप्टर मागवलं आणि 'खासगी' लिहायला तेच विसरले. नानांनी खोकं फोडलं, कुठलं तरी बटण दाबलं. हेलिकॉप्टर भुर्रकन गोदामात शिरलं आणि पोत्यांच्या थप्पीवर जाऊन पडलं. शेठ धावत आले.

"कोणाचं आहे हे?" शेठनी दरडावून विचारलं.

कोणीच बोलेना.

"मग जप्त!" शेठ म्हणाले आणि ते गाडीत घालून घरी घेऊन गेले.

*

मागच्या उन्हाळ्यात रेखाताई रजेवर होत्या. आई धुळ्याला दवाखान्यात. नेमकं तेव्हाच त्यांचं पार्सल आलं आणि येऊन पडलं नानांच्या टेबलावर. गेटवर गाठायला कोणी नाही आणि वर 'खासगी'ही लिहिलेलं नाही.

नीलेशने चाकू पुढे केला. "नाना, नियमाप्रमाणे हा नमुनाच!"

सगळे जमले. मीही होतोच. नानांनी पार्सल उचललं, हलवलंसुद्धा नाही. नमुन्यांच्या कपाटात ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"तिनी हात जोडेल शेत मनापुढे," ते म्हणाले. "कोनी हात लावाना नही!"

पार्सल आल्याचं नीलेशने फोनवर आगाऊपणे कळवलं होतंच. रेखाताई आल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने, बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. नानांनी कपाट उघडून पार्सल हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. टाके जसेच्या तसे! त्या खुर्चीत बसल्या आणि रडायलाच लागल्या. मग डोळे पुसले, पार्सल नानांपुढे ठेवलं आणि चाकू स्वतः त्यांच्या हातात दिला.

"आता तुम्हीच फोडा नाना. बघू देत सगळ्यांना."

नानांनी टाके उसवले आणि सवयीने सगळं थाळीत ओतलं. डोळे! काचेचे, बारीक, तपकिरी, निळे. थाळीभर डोळे आमच्याकडे टकामका बघताहेत. नीलेश दोन पावलं मागे सरकला.

"बाहुल्यांचे आहेत," रेखाताई म्हणाल्या. "मी बाहुल्या करते घरी. मूलबाळ नाही मला, आता पन्नाशीला आले. लोक म्हणणार, बाई बाहुल्यांवर हौस भागवून घेते. सासरी म्हणालेत तसं. पण तसं नाही हो काही! मला बाहुल्या आवडतात. लहानपणापासून आवडतात. एवढंच आहे."

मला आम्हा सगळ्यांचीच लाज वाटली.

नानांनी एक डोळा उचलून उजेडाला धरला. मग थाळीत बोट फिरवून त्याचा जोडीदार शोधला. दोन्ही तळहातावर ठेवून नीट जुळवून बघितले.

"हाई जोडी बाजूले ठेव," ते म्हणाले. "माले एक बाहुली करी दे."

"देते की," रेखाताई म्हणाल्या. "नातीसाठी ना?"

"नातले कसाले?" नाना म्हणाले. "माले पायजे!"